बाबांचं शेवटचं पारायण

बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हा सगळं सामान ट्रकने आलं, पण देवांचा डबा त्यांनी रेल्वेत अख्खा प्रवासभर मांडीवर धरला होता. जवाहर नगरातल्या भाड्याच्या घरात गॅसची शेगडी लागायच्या आधी देव्हारा लागला. नैवेद्य झाल्याशिवाय माझा डबा भरला जायचा नाही, त्यामुळे स्कूल बसमागे धावणं मला रोजचंच होतं.

मार्गशीर्षात ते पोथीचं पारायण करायचे. त्या आठवड्यात घरात टीव्ही बंद, कांदा-लसूण बंद, मोठ्याने बोलणंही बंद. जयपूरच्या कडाक्याच्या थंडीत बाबा गार पाण्याने आंघोळ करून सोवळं नेसून बसायचे. आई त्यांच्याही आधी उठून सोवळ्यात स्वयंपाक करायची. मी दबकत वावरायचे. काहीतरी चुकेल आणि त्याचं खापर आपल्यावर फुटेल, असं वाटत राहायचं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. पारायणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आई ओट्याला धरून खाली बसली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात दुखत होतं, पण ती ओवा खाऊन गप्प राहिली होती. आता ती घामाने भिजली होती.

मी बाबांच्या दाराशी गेले. "बाबा, आईला दवाखान्यात न्यायला हवं."

त्यांनी वर पाहिलं. पारायणात मधे बोलायचं नसतं, म्हणून अंगाऱ्याच्या वाटीकडे बोट केलं.

"अंगाऱ्याने नाही भागणार, बाबा!"

ते उठले नाहीत. आतून आईच ओरडली, "त्यांना उठवू नकोस गं! मोडायचं नसतं!"

मी वरच्या मजल्यावर धावले. घरमालकीणबाईंनी काही न विचारता गाडीची किल्ली घेतली. आईला जिन्यावरून उतरवताना त्या म्हणाल्या, "चलो बेटा, भाईसाहब को पढ़ने दो." त्या आवाजात टोमणा होता की आदर, मला आजही ठरवता येत नाही.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. लगेच ऑपरेशन झालं. बाबा दुपारी आले, कपाळाला गंध, अंगावर धुतलेला सदरा. मी त्यांच्याशी बोलले नाही. शुद्धीवर आल्यावर आईने पहिला प्रश्न त्यांनाच विचारला.

"पूर्ण झालं ना?"

"झालं," बाबा म्हणाले.

आईने डोळे मिटले. "म्हणूनच वाचले मी."

पुढे येईल त्याला आई हेच सांगायची. बाबांनी मात्र पुन्हा पारायण केलं नाही. रोजची पूजा चालू होती, एकादशी चालू होती. मार्गशीर्ष आला की आई आठवण करायची आणि ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही जयपुरातच, विद्याधर नगरात फ्लॅट घेतला. माझी नोकरीही इथेच आहे. मागच्या महिन्यात जयपूरजवळच्या बस्सी गावात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला भेटून आम्ही दोघं गाडीने परत येत होतो. मी विचारलं, "बाबा, पारायण का सोडलंत?"

ते समोरचे ट्रक बघत म्हणाले,

"तुम्ही तिला नेलंत ना, त्यानंतर मी एक ओळ वाचली नाही. नुसती पानं उलटत होतो. मतलब, उठायचंही धाडस नव्हतं आणि वाचायचंही. तिला खोटं सांगितलं, आणि ती त्यावर बरी झाली."

"मग देव?"

"देव आहेच की. मलाच आता पोथी घेऊन त्याच्यासमोर बसवत नाही." मग ते म्हणाले, "आईला सांगायचं असेल तर सांग. माझ्याच्याने होत नाही."

इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडून होते, ते सोपं होतं. आता धड चिडताही येत नाही. काल ऑफिसला निघताना आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, हलकेच म्हणाली, "यंदा त्यांना बसव गं पारायणाला. तुझं ऐकतील."

"बघते," म्हटलं आणि बाहेर पडले. खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू करून तशीच बसून राहिले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे निघाले.