साडभाऊ आणि खिम्याचे गोळे

मे महिन्याच्या भर दुपारी, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा नालीच्या ओलीला पोट टेकून पडलेलं असताना, स्वखुशीनं विस्तवापुढे उभा राहणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. शब्दात भाऊ आहे म्हणून मनात भाऊपणा येतोच असं नाही. माझ्या मनात तर त्याचं लग्न ठरलं त्या दिवशी जी जळजळ सुरू झाली, ती पुढे कितीही ताक प्यालो तरी शमली नाही.

डोणगावच्या सासुरवाडीत मी थोरला जावई. बरीच वर्षं एकुलता एक जावई होतो, आणि ती माझ्या आयुष्यातली सुवर्णवर्षं होती. कूलरसमोरची बाज माझी. आंब्याच्या रसाची पहिली वाटी माझी. मी काही विनोद केला की सगळं घर हसायचं. कळला नाही तर जरा जास्तच हसायचं. चिखलीला माझं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या कोणत्याही लग्नाचा बस्ता माझ्याशिवाय फाटत नसे. मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि हा धाड गावचा मोटार रिवाइंडिंगवाला माझ्या सुखात बाज टाकून बसला. बसला म्हणणंही चूकच. हा कधी बसतच नाही.

खरं तर उन्हाळा हा त्याच्या धंद्याचा काळ. अर्धं धाड जळलेल्या कूलरच्या मोटारी काखेत घेऊन त्याच्या दुकानापुढे उभं असतं, आणि हा शटर ओढून डोणगावला गोळे भाजायला येतो. मी एकदा थोरलेपणानं समजावलं, "अरे, लोक तिकडं गरमीनं मरून राह्यले." तर म्हणाला, "मरत नाही कोनी भाऊ. दोन दिस लिंबाखाली बसतीन. लिंब काय जळला हाय?"

गोळे म्हणजे मटणाच्या खिम्याचे गोळे. लिंबाएवढे, गरगरीत, निखाऱ्यावर जाळीत भाजलेले. ते भाजायची शेगडी त्याची स्वतःची. लोखंडी ड्रम उभा चिरून त्याला चार पाय डकवलेले, वर सळयांची जाळी. पहिल्या वर्षी ती त्यानं बुलढाण्याहून एसटीनं आणली. कंडक्टरनं दारातच अडवलं, "हे काय होय?" हा गंभीरपणे म्हणाला, "पाळना." कंडक्टर स्वतः पोरंबाळंवाला असावा, त्यानं जागा करून दिली. मग साऱ्या बसमधल्या बाया चौकशीला लागल्या. पोरगा की पोरगी, बाळंतीण कशी आहे, दूध येतं की नाही. हा मेहकर येईपर्यंत मान हलवत सगळ्यांचे आशीर्वाद घेत होता. एका म्हातारीनं तर कंबरेचा बटवा सोडून ड्रमला कुंकू लावलं. त्या वेळी लग्नाला त्याच्या तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ही हकीकत ऐकून सासूबाई डोळ्याला पदर लावून हसल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्या विनोदाला पदर लावून कधी हसल्या नव्हत्या.

सासूबाई माळकरी नसल्या तरी मटणाचा वास त्यांना चालत नाही. त्यामुळे त्या घरात मटण शिजायचं ते अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. मी थोरला जावई असल्यानं फक्त शिजल्यावर बोलावलं की जायचो. सासऱ्यांना (आम्ही दोघं जावई त्यांना मामा म्हणायचो) मात्र मटणाचा भारी शौक. पुढे त्यांचे दात गेले. कवळी त्यांना सोसेना; ती खिशात घालून फिरायचे. आम्ही सगळे मटणाच्या फोडी चघळत बसायचो, आणि ते रश्श्यात भाकरी कुस्करून खायचे, आणि म्हणायचे, "मले आता रस्साच गोड लागते." सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं. नव्या जावयानं पहिल्याच जेवणात ते ऐकलं, आणि दुसऱ्या वेळी येताना शेगडी घेऊन आला. हे मला आधी का सुचलं नाही, या प्रश्नानं मी कित्येक रात्री कूस बदलली आहे. बायकोनंही तो प्रश्न मला विचारला, आणि तिचा सूर काही मला आवडला नाही.

त्याचे नियम ऐकाल तर वाटेल यज्ञ चालला आहे. खिमा मशीनचा नको, सुऱ्यानं बारीक केलेला. कांदा किसून, फडक्यात पिळून कोरडा केलेला. आलं-लसूण, कोथिंबीर, काळा मसाला आणि फुटाण्याच्या डाळीचं पीठ. हे सगळं मळलं की तो गोळा उचलून परातीत आपटायचा. धप्प, धप्प. शेजारच्या वाड्यात कोणी धुणं धुतंय असं वाटावं. मग ओल्या फडक्याखाली माठाशेजारी मुरवायचा. कोळसा बाभळीचा. तेल लावायला ब्रश नाही. अर्धा कांदा काडीला खोचून तेलात बुडवायचा आणि गोळ्यांवर फिरवायचा. आणि हे सगळं ऐन दुपारी. संध्याकाळी कर की, म्हटलं, तर म्हणतो, "संध्याकायी सारं मलेच करा लागते. दुपारी अर्धं काम सूर्य करते." डोक्याला ओला दुपट्टा, डोळे धुरानं लाल, आणि निखाऱ्यांशी बोलणं चालू. "हळू बे, हळू. काऊन भडकून राह्यला?" मेव्हणी सांगते, घरी तो तिच्याशीही एवढा बोलत नाही.

सासूबाई, ज्यांना मटणाचा वास चालत नाही, त्या दर थोड्या वेळानं कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन त्या धुरात जायच्या. पन्हं मलाही मिळायचं. पण त्याच्यासाठी केलेल्यातलं उरलेलं आणि त्याच्यासाठी केलेलं यांच्या चवीत फरक असतो. तो जिभेला कळत नाही, पण जावयाला कळतो.

शेवटी मी ठरवलं की हे थांबलं पाहिजे. परवाच्या उन्हाळ्यात मी चकचकीत, झाकणवाली, चाकांची शेगडी मागवली आणि त्याच्या एक दिवस आधी डोणगावला पोचलो. रीत तर पाहून पाहून पाठ झाली होती. सासरे अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. मी दुपट्टाही बांधला. कांदा मात्र पिळला नाही, कारण एवढ्यातेवढ्यानं काय होतं असं मला वाटलं. पहिला गोळा जाळीवर ठेवला आणि तो माझ्याकडे पाहत पाहत खाली निखाऱ्यात गेला. दुसरा अर्धा गेला. तिसरा मी वाचवायला गेलो, तेव्हा चौथा आणि पाचवा गेले. धूर एवढा झाला की समोरच्या घरचा माणूस बादली घेऊन धावत आला. जाळीला चिकटून जे काळंतांबडं उरलं, ते मी खरवडून बशीत घातलं आणि सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी चमच्यानं खाल्लं. बराच वेळ तोंड हलवलं. मग मनापासून म्हणाले, "चिवडा चांगला झाला, जवाई."

तेवढ्यात हा फाटकातून आत आला. एक दिवस आधीच. त्यानं माझी शेगडी पाहिली, माझा दुपट्टा पाहिला, परातीतला उरलेला सैल खिमा पाहिला. मी म्हटलं, आता हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. जन्मभर मनापासून राग धरता आला असता. पण त्यानं चुलीवर कढई ठेवली, कांदा परतला, तो सगळा खिमा त्यात घालून हलवला, आणि घरात ओरडून सांगितलं, "चला, भाऊनं आज खिमा केला!" सगळ्यांनी वाहवा केली. बायकोनं दुसऱ्यांदा वाढून घेतला. या माणसानं मला त्याचा नीट मत्सरसुद्धा करू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात सासरे गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. या मे महिन्यात डोणगावला जायचं की नाही असा विचार होता, पण सासूबाईंनीच निरोप पाठवला की सगळे या. आम्ही गेलो. तोही आला. दुपारी त्यानं शेगडी मांडली, पण हात संथ होते. निखाऱ्यांशी बोलणं नव्हतं. गोळे झाले, पोरंबाळं जेवली, बाया आत गेल्या. मी ओट्यावर बसलो होतो आणि तो उन्हात शेगडीशेजारी उभाच.

"अरे, बस की आता," मी म्हटलं. "इथं सावलीत ये."

तो आला नाही. चिमट्यानं राख इकडची तिकडं करत म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मले तुमचा लय राग याचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझा? काऊन?"

"तुमी मामाजवळ या ओट्यावर बसून राहाचे. घंटे घंटे. घरातलं लगन, वावराचं भांडन, तब्बेत, सारं ते तुमालेच विचाराचे. मी हातात ताट घेऊन आलो का चूप होऊन जायचे. म्हनायचे, लय गोड झाले रे. बस, तेवढंच." त्यानं चिमटा शेगडीच्या कडेला ठेवला. "मले त्यायच्याशी काय बोलावं तेच समजे नाही. म्हनून मंग मी इथं उभा राहो."

मला ओट्यावरच्या त्या दुपारी आठवल्या. सासरे माझ्याशी बोलायचे हे खरं होतं. पण बोलताना त्यांची नजर सारखी अंगणातल्या धुराकडे जायची, आणि मला तेवढंच दिसायचं. ते मला काय विचारत होते, याकडे माझं कधी धड लक्षच नव्हतं.

मी सरकलो आणि शेजारची जागा हातानं झटकली. तो आला, दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला आणि टेकला. सवय नसलेल्या माणसासारखा, अगदी कडेला. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "धाडले पानी कसं हाय यंदा?"

"हाय," तो म्हणाला.

मग त्यानं दुपट्ट्याची घडी केली, मोडली. तो एकदा उठायला लागला, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो पुन्हा बसला. आतून सासूबाई पन्ह्याचे दोन पेले घेऊन आल्या, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवले आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. ऊन अंगणातून हळूहळू सरकत होतं. शेगडीत विस्तव अजून होता, पण त्याच्याकडे पाहायला कोणीच उठलं नाही.