फरकाचा कागद

माझा स्वभावच असा आहे, की दुसऱ्याच्या हातून पेला पडला तरी माफी मी मागतो. परभणीच्या शेती खात्यातल्या आमच्या खोलीत तर याची चेष्टाच व्हायची. मानवतहून रोज एसटीनं येणाऱ्या आमच्या टंकलेखिका बाई म्हणायच्या, "सर, कालच्या पावसाचीबी माफी मागून टाका. तेवढीच राहिली हाय."

आमचं काम होतं पीक सल्ला काढायचं. कापूसवाले, ज्वारीवाले, तूरवाले आपापला मजकूर लिहून पाठवत. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत, तो मजकूर तपासून सही करत. मग सल्ल्याच्या प्रती सोनपेठ, गंगाखेड अशा गावांना एसटीनं जात आणि तिथल्या फलकांवर लागत. विद्यापीठाच्या नामांतरावरून अधूनमधून बंद व्हायचे, गाड्या थांबायच्या आणि आमचं पाकीट आगारातच पडून राहायचं. त्यामुळे सल्ला आमच्या हातून वेळेत सुटावा, यावर डॉक्टरांचा कटाक्ष असे.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मीच खटपट करून आणला होता. वरच्या मजल्यावर लेखा शाखेलाही तो हवा होता. डॉक्टरांनी मला बजावलं, "तुमचा हट्ट म्हणून ठेवून घेतो. उपयोग दिसला न्हाई तर वर पाठवीन." त्या दिवसापासून माझी झोप हलकी झाली.

हैदराबादला नोकरी करणाऱ्या एका मित्रानं मला फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम आणून दिला. एका फाइलीच्या सगळ्या आवृत्त्या तो जपून ठेवायचा, आणि कोणत्याही दोन ताडून फरक दाखवायचा. मला वाटलं, झालं काम! डॉक्टरांना दर आठवड्याला सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागणार नाही, नुसता फरक वाचला की पुरे. मी मोठ्या अभिमानानं पहिला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर ओळींचे आकडे होते, मध्ये इंग्रजी अक्षरं होती, आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर डावीकडे नाहीतर उजवीकडे तोंड केलेला बाण.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय हाय? कुणी कुणाला मारायलाय यात?"

मी माफी मागितली आणि कागद परत घेतला. प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. फरक कसा छापायचा, ओळीआधी काय यावं, काय गाळावं, हे आपण ठरवू शकत होतो. आठवडाभर मी तेच करत बसलो. बाण काढले, आकडे काढले. बाणांच्या जागी 'जुने' आणि 'नवे' असे शब्द घातले. कागदाची नासाडी होते याचंही मला वाईट वाटत होतं, म्हणून बदललेल्या ओळी सोडून बाकी सगळं गाळून टाकलं. फरकाचा कागद वीतभर झाला. डॉक्टर खूश झाले. बाई म्हणाल्या, "सर, आता ह्येची पुडी बांधून शेंगदाणे विका." त्यातही कौतुकच होतं.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. पावसानं झोडपून काढलं होतं. कापूसवाल्या सरांनी आपल्या भागात एक ओळ बदलली. पूर्वी होतं, 'युरियाचा दुसरा हप्ता आता द्यावा.' आता केलं, 'दुसरा हप्ता पाऊस उघडेपर्यंत थांबवावा.' माझ्या वीतभर कागदावर या दोन ओळी नेटक्या छापल्या गेल्या. पण त्या कोणत्या पिकाच्या, हे कुठेच नव्हतं. पिकाचं नाव बदललेलं नसल्यामुळे मी ते गाळलं होतं. डॉक्टरांना वाटलं ज्वारीचं असेल. ज्वारीचा हप्ता थांबवायला ते तयार नव्हते. त्यांनी लाल पेनानं नवी ओळ खोडून जुनी कायम केली, आणि बाईंनी तसंच टाइप केलं.

शनिवारी सही करण्याआधी डॉक्टरांनी सहज कापसाचा परिच्छेद वाचला आणि त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला. "गुडघाभर पाण्यात उभ्या कापसाला युरिया? लोक काय म्हणतील आपल्याला?" ओळ तिथल्या तिथे दुरुस्त झाली, पाकिटंही गेली. माझ्या सलग चार माफ्या मात्र वाया गेल्या. "सोमवारी तो कागद नीट करून आणा," डॉक्टर म्हणाले, "न्हाई तर यंत्र वर जाईल. लेखावाल्यांनी टेबल रिकामं करून ठेवलंय."

रविवारी राणीसावरगावहून माझी थोरली बहीण आली. बैलांना झुली आणि गोंडे घ्यायचे होते. माझं तोंड बघून ती म्हणाली, "काय झालं रे? बैल हरवल्यागत बसलायस." मी विषय टाळून विचारलं, "अक्का, रानात काय नवीन?"

ती चहा बशीत ओतत सांगायला लागली. "आंब्याचं वावर, मूग काढला, रान मोकळं हाय. विहिरीचं वावर, हाय तेच. माळाचं वावर, ज्वारी लय जोरात होती, पर डुकरांनी कडची लोळवली. ओढ्याचं वावर, हाय तेच."

आमच्या घरात सगळे असंच सांगतात. आधी वावर, मग बातमी. एकदा थोरल्या भावानं दारातून नुसतीच 'डुकरं शिरली' अशी आरोळी ठोकली, आणि घरातली माणसं काठ्या घेऊन चार दिशांना पळाली. डुकरं पाचवीकडेच होती. तेव्हापासून वावराचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. आणि असल्या घरात वाढलेल्या मी डॉक्टरांना नुसतंच 'डुकरं शिरली' असं छापून दिलं होतं.

"अक्का, मी जरा ऑफिसात जाऊन येतो."

"आज रविवार हाय की! आन् झुली कोण घेणार?"

झुली तिनं एकटीनं घेतल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑफिसात बसून मी फाइलीतल्या प्रत्येक पिकाच्या नावाआधी एक चांदणी टाकली आणि प्रोग्रॅमला सांगितलं, की कुठेही फरक दिसला की आधी वरची जवळची चांदणीवाली ओळ छाप, मग जुने, मग नवे. ज्या पिकात काहीच बदललं नाही, त्याचं नाव छापून पुढे काय लिहावं ते सुचेना. 'बदल नाही' हे फार कोरडं वाटलं. शेवटी अक्काचेच शब्द घातले.

सोमवारी डॉक्टर कागदावरून बोट फिरवत वाचत गेले. "कापूस. जुने, नवे. बरोबर. तूर." त्यांचं बोट थांबलं. "हाय तेच? हे कुणाचं?"

"आमच्या अक्काचं, सर. माफ करा, बदलून आणतो."

"कशाला बदलता? कळतंय की." त्यांनी पुढचं वाचलं. "ज्वारी, हाय तेच." मग हसून त्या कागदावर सही केली. बाईंनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आता कशाची माफी मागायची, सर?"

ती संधी दुपारी चालून आली. लेखा शाखेतले हेडक्लार्क स्वतः खाली आले. त्यांच्या हातात कॉम्प्युटरचं कव्हर होतं. घरच्या पडद्यातून उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचं, त्यांच्या पत्नीनं शिवलेलं, कडेला झालरसुद्धा लावलेली. "येणार येणार म्हणून शिवून घेतलं होतं," ते म्हणाले. "आता तुमीच घाला."

मी त्यांची मनापासून माफी मागितली. बाईंनी तेवढ्यात कव्हर यंत्रावर चढवून झालर सारखी केली, आणि म्हणाल्या, "लय शोभायलंय. घरच्या बाईंना सांगा बरं का."