जन्माआधी मेलेली राणी

"मॅडम, तुमची राणी जन्माच्या अठ्ठावन्न वर्षं आधी मेलीय," पुण्याच्या ऑफिसातून गेम तपासणारा टेस्टर फोनवर सांगत होता.

मी कॉम्प्युटर गेमसाठी 'लोर' लिहिते. म्हणजे खेळामागची गोष्ट. या गेममध्ये परग्रहवासीयांचं बारा ग्रहांचं साम्राज्य होतं. त्याचा इतिहास मी शाळेच्या पुस्तकासारखा कापला होता: प्राचीन, मध्य, आधुनिक. राजधानीतल्या शिलालेखावर राणीचा जन्म सन २७०, आणि दुसऱ्या ग्रहावरच्या थडग्यावर मृत्यू सन २१२. दोन्ही आकडे माझेच. बोटं मोडायची तरी कुणाच्या नावानं?

लगेच बॉसचा फोन. शिलालेखांची चित्रं झालेली, आवाज रेकॉर्ड झालेले. एकही आकडा न बदलता सोमवारपर्यंत जुळवून द्या, म्हणाले. वर शांतपणे, "घरून काम केल्याचे परिणाम आहेत हे. नाही जमलं तर पुण्याला येऊन बसा."

लग्नानंतर सिंदेवाहीजवळच्या या गावात रुळायला मला दोन वर्षं लागली. आता कुठे जीव रमला होता, आणि इथून हलायचं मुळीच नव्हतं.

अंगणात सासूबाई आणि त्यांची नणंद तलावाचे मासे साफ करत होत्या. थोरली कोण, यावर त्यांचं जुनंच भांडण चाललेलं. सासूबाई त्यांच्या माहेरी तलावाची पाळ फुटली त्याच्या चौथ्या साली जन्मल्या. नणंदबाई इथे शाळा बांधली त्याच्या दुसऱ्या साली. मी वैतागून म्हटलं, दोघींची सालं वेगळी, मग जुळणार कशी?

"काऊन नाई जुळणार? पुरानं दोन्ही गावं तुटली त्या साली मी चालत होती, आन् हे पाळण्यात होती," सासूबाई म्हणाल्या. "झालं ना."

नणंदबाईंनी पुढचा मासा उचलला. मी मात्र उठून लॅपटॉप गाठला.

आता माझ्या साम्राज्यात प्रत्येक ग्रह आपापल्या संकटापासून सालं मोजतो. कुणाचा समुद्र आटला तेव्हापासून, कुणाचा चंद्र फुटला तेव्हापासून. दोन ग्रहांची सालं जुळवायची तर दोघांनी पाहिलेला एखादा धूमकेतू शोधायचा. थडग्याच्या ग्रहाची मोजणी राजधानीनंतर शंभर वर्षांनी सुरू झाली, असं मी लिहिलं. त्यांचं २१२ म्हणजे राजधानीचं ३१२. राणी बेचाळिसाव्या वर्षी रीतसर मेली. प्राचीन-मध्य-आधुनिक सगळं खोडून टाकलं.

सोमवारी बॉसनी वाचलं. "हे आधीपासून ठरलं होतं?"

"हो," मी बेधडक खोटं बोलले.

"मग सांगायचं ना आधी. पुढच्या भागाचा इतिहासही घरूनच लिहा."

आनंदानं मी सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

"सालं जुळली, बेस झालं," त्या म्हणाल्या. "पन बाई मेली कायनं?"

हे विचारायचं आमच्या अख्ख्या टीममध्ये कुणालाच सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी माणूस कशानं गेलं ते ठरवते. साल मागाहून टाकते.