धुळ्याच्या मडक्यातलं पोर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आम्ही धुळ्याला एका दारावर दुखवट्याला जाऊन आलो... आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते. गोष्ट ऐंशीच्या दशकातली.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी. ए. होऊन वर्ष होत आलं होतं, एरंडोलच्या घरात पाहुणे मुलगी बघायला येऊ लागले होते, आणि मला मात्र पुण्याला जाऊन पुरातत्त्वात एम. ए. करायचं होतं. नानांना, म्हणजे वडिलांना, तो शब्दसुद्धा धड उच्चारता येत नव्हता. ते एवढंच विचारायचे, "फुटेल मडका पाहासाठे पुन्याले जानं पडस का?"

नाना अक्काला विचारल्याशिवाय काही ठरवत नसत. अक्का त्यांची मोठी बहीण, चोपड्याला दिलेली. ती आखाजीला माहेरी आली, की वर्षभराचे सगळे निकाल लागायचे. त्या वर्षी माझा लागणार होता.

मी ठरवलं, दोघांना धुळ्याचं छोटं संग्रहालय दाखवायचं. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटेल... असा माझा तेव्हा शिक्षणावर फार विश्वास होता.

एस. टी.त पारोळ्यापर्यंत मी त्यांना अश्मयुग सांगितलं. पारोळ्यानंतर ताम्रपाषाणयुग सुरू केलं, तेव्हा नाना झोपले होते आणि अक्का खिडकीतून कुणाच्या शेतात काय लावलंय ते बघत होती.

संग्रहालयाच्या दाराशी अक्काने चपला काढल्या. दगडी हत्यारांपाशी ती दोन मिनिटं थांबली, रंगीत खापरांपाशी तेवढीही नाही. मग आलं ते कोपऱ्यातलं काचेचं कपाट. दोन मोठी मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांत एका लहान मुलाची हाडं. मी गंभीर आवाजात पाटी वाचली, "मृत बालकाचे अवशेष..."

पुढचं मला वाचताच आलं नाही. अक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला, कपाटासमोर फतकल मारली आणि डोळ्यांना पदर लावून गळा काढला. नाना गोंधळले. पण बहीण बसली म्हटल्यावर तेही टोपी काढून शेजारी बसले.

आवाज ऐकून तिथले क्लार्क धावत आले. अक्काला वाटलं, हेच घरचे. तिने हळू आवाजात विचारलं, "कव्हय व्हयनं, भाऊ?"

"आजी, तीन हजार वर्षं झाली की!"

अक्काने पदर खाली घेतला. "तीन हजार वरीस! आन अजून घरमाच ठेवेल शे?"

क्लार्क माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

पण खरा प्रसंग पुढेच होता. दारावर गेलं की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आखाजी! शेवटी त्या भल्या माणसाने अंगणातल्या नळाखाली बादली लावून दिली. नाना, अक्का आणि मी, तिघांनी भर दुपारी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं.

परतीच्या एस. टी.त आमच्या शेजारी कुणी बसेना. पारोळ्याला नाना धोतराचा सोगा पिळू लागले. पिळता पिळता म्हणाले, "पुनं बंद."

रात्रभर मी रडले.

सकाळी आखाजीची पूजा मांडली. नवी घागर, तिच्यावर सांजोऱ्या, आंबा, डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने विस्तवावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. नाना एकेकाचं नाव घेत टाकत होते. संपलं म्हणून उठायला लागले, तर अक्का म्हणाली, "आखो एक टाक."

"कोन्हा नावना?"

"त्या धुयाना पोऱ्याना. त्याले कोन शे?"

नाना घास हातात धरून थांबले. "नाव काय लेऊ?"

सगळं घर माझ्याकडे वळलं. बी. ए. होते ना मी.

"नाव माहीत नाही," मी म्हटलं. "तेव्हा लिहिणंच नव्हतं."

"मंग कोन शोधी?"

असं नाव कधीच सापडत नसतं, हे खरं उत्तर होतं. मी ते द्यायला तोंड उघडलं... आणि आईने, जी या सगळ्या प्रकरणात आजवर एक शब्द बोलली नव्हती, माझ्या पायाच्या अंगठ्यावर सगळा भार देऊन पाय ठेवला.

"त्यासाठीच पुण्याला जावं लागतं, अक्का," आई म्हणाली.

अक्काने जरा विचार केला. मग नानांना म्हणाली, "जाऊ दे तिले. बिननावना घास कसा टाकवो?"

जूनमध्ये मी पुण्यात होते.

पुढच्या आखाजीला घरात पाय ठेवल्याबरोबर अक्काचा प्रश्न, "सापडनं का?" मी म्हटलं, शोध चालू आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ती वैतागली. "तुमना हातथीन काही व्हवाव नही," म्हणाली, आणि स्वतःच नाव ठेवलं... दगडू. पोरं जगावीत म्हणून ठेवतात ते नाव. "इतला वरीस टिकना, मंग दगडूच त्यो!"

नंतरच्या नोकरीत मी स्वतः अशा कितीतरी पाट्या लिहिल्या. 'बालक, वय अंदाजे दोन वर्षे.' त्याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. अक्काला होता.

आता अक्का नाही, नानाही नाहीत. आखाजीला माझा भाऊ आगारी टाकतो, त्यांची नावं घेतो... आणि शेवटी न चुकता, दगडू.