आधी खाली पोतं

आमच्या घरी भात म्हणजे कनकी. गावच्या राइस मिलमध्ये अख्खा तांदूळ पोत्यात जायचा, तुटका चुरा हमालांच्या वाट्याला यायचा. बाबा तिथे हमाल. त्याच कनकीवर मी वाढले आणि गोंदियाच्या कॉलेजातून पदवी घेतली, घरात पहिलीच. याची लाज नाही मला, माज आहे.

आता सौंदडच्या त्याच घरून मी नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं कोडिंग करते. तिथे कॉलेजांच्या प्रवेशअर्जांचा जुना प्रोग्राम होता. एकात एक तीन लूप: अर्ज उचल, तपास, आकडा वाढव, परत वर जा. एकीकडे हात घातला की दुसरीकडे फाटायचं. मी म्हटलं, हे काढून स्ट्रीम लावते. अर्ज एका तोंडाने आत जातील, अपुरे गाळले जातील, उरलेल्यांची नावं निघतील, क्रम लागेल. एका पायरीला एकच काम.

सीनियर फोनवर हसले. "मॅडम, चलती गाडी को क्यों छेड़ना? लूपनं तुमचं काय घोडं मारलं?"

"सर, मी हमालाची पोर. मिल पाहून वाढली. धानाचा एकेक दाणा हातात घेऊन कोणी सोलत नाही."

"मग संध्याकाळपर्यंत दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून कोडिंग बंद, नुसते अर्ज टाइप करायचे."

"चालेल," मी म्हटलं.

दुपारी चालवून पाहिलं. एरर नाही, पण यादीत नावही नाही. एकसुद्धा.

बाबा जेवायला आले, भुवयांवर धानाचा कोंडा. "काऊन वं माय, तोंड पाडून बसून राहिली?"

"सगळं बसवलं बाबा. चाळणी, सोलणी, सगळं. बाहेर काहीच पडत नाही."

"खाली पोतं लावलं का?"

"म्हणजे?"

"आमच्या मिलीत खाली पोतं बांधून हमालानं हाक देल्याबिगर बटन कोणी दाबत नाही. घेणाराच नाही, तं मशीन कायले चालन?"

शेवटची, गोळा करायची ओळच मी लिहिली नव्हती. स्ट्रीमचा नियमही तोच: खालून कोणी मागत नाही तोवर वरची एकही पायरी हलत नाही. परीक्षेत हे मी पाठ करून लिहिलं होतं. ओळ टाकली. यादी भरली.

सीनियरांनी जुन्या यादीशी ताडून पाहिलं. एका नावाचाही फरक नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"ठीक नाही सर. बरोबर आहे."

तिन्ही लूप गेले. या वर्षीचे प्रवेश माझ्या कोडवर झाले, आणि कोडिंग अजून मीच करते.