साडेतीन शब्द

माझी मुलगी पहिल्यांदा ‘दे’ म्हणाली तेव्हा सहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. सातवा मी होतो.

जागा, राईस मिलच्या मालकाच्या घरामागचं अंगण. वेळ, दुपारी सव्वा वाजता. नळाजवळ भांडी घासायची फरशी आहे, तिच्या कडेला तिला बसवलं होतं. वय तीन वर्षं दोन महिने. समोर मालकाची सहा वर्षांची नात उभी होती आणि तिच्या हातात अर्धी खाल्लेली पुरी होती. पुरीवर दातांची खूण दिसत होती. ती पुरी माझ्या मुलीच्या तोंडाजवळ आणायची आणि झटकन वर उचलायची.

“बोल, दे. बोल ना! हाथ ऐसे कर. ऐसे. अब बोल.”

तिनं स्वतः हात करून दाखवला. तळवा वर, बोटं थोडी आत. देवळाच्या पायरीवर पाहिलं असेल कुठंतरी. माझ्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारत होती. मी मान हलवली. कर म्हणून. मग तिनं तसाच हात केला आणि म्हणाली, “दे.”

“बोली! बोली!” मालकाची म्हातारी आई ओरडली. तिला सगळे माँजी म्हणतात. दोन्ही सुना हसल्या. स्वयंपाकीण आणि ड्रायव्हरसुद्धा टाळ्या वाजवत होते. माँजी मला म्हणाली, “देखा काटेवाले? हमारे घर के जूठे में असर है. अभी दो बुधवार बाकी हैं. पूरे सात कर.”

मी हात जोडून म्हणालो, “हो जी.”

माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं. हे पुढं कुठंतरी लपवावंसं वाटेल, म्हणून आधीच लिहून टाकतो.

मी त्याच मिलमध्ये एकोणीस वर्षं काट्यावर होतो. धानाचा ट्रक आला की भरलेला मोजायचा, गेला की रिकामा मोजायचा, वजाबाकी करायची. माझ्या आकड्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला, मिलपासून चार किलोमीटर. घरात मी, बायको, माझी आई आणि ही मुलगी. लग्नानंतर अकरा वर्षांनी झाली. प्राजक्ता. घरी प्राजू.

दोन वर्षांची झाली तरी बोलेना. मी चाळीस पानी वही घेतली आणि शब्द लिहू लागलो, तारखेसह. आजी. मम, म्हणजे पाणी. बा, म्हणजे मी. पुढच्या चौदा महिन्यांत पान उलटलं नाही. आई हा शब्द त्यात नव्हता.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “किती शब्द बोलते?”

“साडेतीन.”

त्यांनी कागदावरून मान वर केली. “अर्धा कोणता?”

“विमान गेलं की ऊं करते. अर्थ आहे, पण शब्द नाही. म्हणून अर्धा धरला.”

आमच्या गावावरून शिकाऊ पायलटांची लहान विमानं दिवसभर घिरट्या घालतात. पोरगी बोट वर करून ऊं करते. म्हणजे ऐकू येतं, एवढं मला कळत होतं. तपासणीतही कान बरोबर निघाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “दर तीन महिन्यांनी आणा. आणि घरी तिच्याशी बोला. नुसतं ये, जा, जेव नाही. गोष्टी सांगा, चित्रं दाखवा, वाचून दाखवा. दिवसातून किती वेळ बोलता तिच्याशी?”

मला आकडा माहीत नव्हता, म्हणून पुढच्या रविवारी घड्याळ लावून मोजला. सकाळी उठल्यापासून ती झोपेपर्यंत मी तिच्याशी अकरा मिनिटं बोललो. त्यातही बहुतेक ‘सोड’, ‘नको’, ‘इकडं ये’. तो आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि वही मिटली.

बोलायचं काय, हे मला येतच नव्हतं. आणि भीती फार होती.

मुकी राहिली तर शाळेचं काय, ही पहिली भीती. अंगणवाडीतली पोरं तिला मुकी म्हणूनच हाक मारायला लागली होती, आणि ती वळून पाहायची. दुसरी भीती तोंडातून निघत नव्हती. मी सत्तेचाळीसचा. ती अठराची होईल तेव्हा मी बासष्टचा. मुलीची जात. उद्या कुणी तिला काही केलं, तर ही सांगणार कशी? नाव कसं घेणार?

कान खरंच चालू आहेत ना, हे मी रोज तपासायचो. तिच्या पाठीमागे जाऊन स्टीलची ताटली फरशीवर टाकायचो. ती दचकायची, रडायची. मला बरं वाटायचं. एके दिवशी मी ताटली उचलताना तिनं पाहिलं आणि आधीच दोन्ही कान हातांनी झाकून घेतले. डोळे मिटून तशीच उभी राहिली. ताटली टाकली नाही मी. पण भीती काही कमी झाली नाही.

गावात सांगतात, पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घातला की मुलाची जीभ सुटते. बायकोनं कुठून तरी तीन पेरू मिळवले. खाऊ घातले. मी अडवलं नाही. पाखराचं उष्टं, त्यात काय? मग एकदा मिलच्या कचेरीत माँजी आली. मुलीबद्दल तिला कुणी सांगितलं होतं. म्हणाली, “तोते से क्या होगा? बोलनेवाले बच्चे का जूठा खिला. हमारी गुड़िया कितना बोलती है, अंग्रेजी भी बोलती है. सात बुधवार उसकी थाली का खिला. जबान खुल जाएगी.”

आम्ही बौद्ध. उष्टं काय असतं, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी माँजीनं भरून दिलेला तिच्या घरचा डबा मी घेतला. चार बुधवार दुपारच्या सुट्टीत घरी आणला. बायकोला खरं सांगितलं. तिनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं, मग म्हणाली, “बोलंल काय पन यानं?” आईला सांगितलं की सेठकडे जेवण होतं, त्यातलं आहे. एकोणीस वर्षांत कुणाशी खोटा आकडा बोललो नव्हतो. आईशी चार वेळा खोटं बोललो.

पाचव्या बुधवारी माँजी म्हणाली, “लड़की को ही ले आ. सामने खिलाएँगे.” म्हणून तो नळ, ती फरशी, ती पुरी.

त्या संध्याकाळी आई दारात बसून तांदूळ निवडत होती. प्राजू तिच्यापुढं गेली. तळवा वर केला, बोटं आत घेतली. “दे.”

बायको आतून धावत आली. पोरीला उचललं, पटापट मुके घेतले आणि सासूला म्हणाली, “बोलली! आत्या, बोलली ना हे!”

आईचा सुपावरचा हात थांबला होता. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “हा हात कोनं शिकवला हिले?”

मी सगळं सांगितलं. पाच बुधवार. ती ओरडली नाही. तिनं प्राजूला खाली ठेवायला लावलं, तिचा हात धरला, उलटा केला आणि जमिनीवर टेकवला. तळवा खाली.

“मी सात-आठ वर्साची होती,” ती म्हणाली. “मायसंग शिळं आनाले जावो. माय मले हेच शिकवे. हात वर, बोटं आत. बोटं पसरली त भात सांडते म्हने. मंग माझ्या बानं दीक्षा घेतली अन् त्याच दिवशी शिळ्याचं मडकं आंगनात आपटलं. चार दिस चूल नाई पेटली आमची. लहान भाऊ रडून रडून निजे. मायनं हात नाई पसरला. चार दिस. तुले मोजाची सवय हाय ना? मोज. सत्तर वर्स होत आली. अन् तू पाच बुधवार जाऊन रायला.”

बायको बोलली. पहिल्यांदाच सासूसमोर आवाज चढवला तिनं.

“पन बोलली ना पोरगी! चौदा महिन्यांत नाई बोलली ते पाच बुधवारात बोलली. दोनच राहिले. मी काऊन सोडू? तुमी खायाचं नाई त नका खाऊ. माझी पोरगी मुकी हाय, आत्या.”

आईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. आकडे बायकोच्या बाजूनं होते. हे मला आजही नाकारता येत नाही. आणखी दोन बुधवारांत जीभ सुटणार असेल आणि मी मानापानासाठी नाही म्हटलं, तर पोरीचं आयुष्य मी बुडवलं, असं होणार होतं. त्या आठवड्यात काट्यावर एका ट्रकचा आकडा मी चुकीचा लिहिला. एकोणीस वर्षांत पहिला.

आणि प्राजू दिसेल त्याच्यापुढं हात करत होती. शेजारणीपुढं. अंगणवाडीच्या बाईपुढं. सगळे हसायचे, काहीतरी द्यायचे. ती जास्तच करायची. सोमवारी तिला घेऊन चहाच्या टपरीवर उभा होतो. बाकावर एक अनोळखी माणूस चहात टोस्ट बुडवून खात होता. ती माझं बोट सोडून त्याच्यापुढं गेली. तळवा वर. “दे.”

त्यानं हातातला अर्धा टोस्ट तिच्या तळव्यावर ठेवला आणि पुन्हा मोबाइलमध्ये पाहू लागला. हिचा बाप कोण, हे त्यानं मान वर करून पाहिलंही नाही. त्याचा दोष नाही. त्यानं तो हात ओळखला, एवढंच.

मी तिच्या हातातून टोस्ट काढून घेतला. ती माझ्याकडे पाहत होती. अंगणात पाहिलं होतं तसंच. तेव्हा मी मान हलवली होती.

बुधवारी दुपारी एकटाच गेलो. डबा राखेनं घासून नेला होता. माँजी पलंगावर बसली होती.

“लड़की कहाँ है?”

“नाही आणली. डबा द्यायला आलो.”

“और खाना?”

“नको.”

“नको? अरे, दो बुधवार बाकी हैं!”

“माहीत आहे, माँजी. मोजलेत.”

ती हसली. “अच्छा. अब तुम लोगों को हमारा जूठा भी नहीं चलता. लड़की गूँगी रह जाएगी, याद रखना.”

खोटं कशाला सांगू, तिचा शाप लागेल असं वाटत होतं. हातातला डबा पलंगाजवळ खाली ठेवला.

“राहू द्या,” मी म्हणालो. “मुकी राहिली तर मुकी राहील. तुमच्या उष्ट्यावर बोलणार नाही.”

आठ दिवसांनी मला काट्यावरून काढून कोंड्याच्या गोदामात घातलं. चुकलेला ट्रक हे कारण सांगितलं. चूक खरीच होती.

घरी बायको दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. तिची भीती माझ्या भीतीएवढीच होती, मग मी तिला कसं समजावणार? मी वहीचं मागचं पान उघडलं. अकरा मिनिटं. त्याखाली रोजचा आकडा लिहू लागलो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं बोललो आणि घसा कोरडा पडला. काय बोलायचं सुचेना, म्हणून कोंड्याची पोती कशी शिवतात ते सांगितलं. आई तिला मांडीवर घेऊन कावळ्यापासून सुपापर्यंत सगळ्याची नावं सांगते, आपल्याच बोलीत. जुना पेपर मी मोठ्यानं वाचतो, अक्षराखाली बोट ठेवून. पाटीवर अक्षरं काढतो. बायको आधी लांबून पाहायची. आता चित्रं तीच काढते, मला बदकसुद्धा जमत नाही.

आज प्राजू चार वर्षं तीन महिन्यांची आहे. वहीत सव्वीस शब्द आहेत. ‘आई’ सोळावा. दोन शब्द जोडून एकदाच बोलली, “आजी, नको.” तिच्या वयाची पोरं दिवसभर बडबडतात. डॉक्टरबाई म्हणतात, कमी आहे, पण पुढं जात आहे. किती पुढं जाईल, हे त्या सांगत नाहीत. माँजी खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. सात पूर्ण केले असते तर काय झालं असतं, हे मोजायचं माप माझ्याकडे नाही.

पण अक्षरं ती ओळखते. तोंडानं म्हणत नाही. मी म्हणालो की पाटीवर बरोबर बोट ठेवते. नऊ अक्षरं.

‘दे’ हा शब्द वहीतून खोडावा, असं बायको म्हणाली. मी खोडला नाही. उलट त्याच्यापुढं सगळं लिहिलं. तारीख. मालकाचं मागचं अंगण, नळाजवळ. अर्धी पुरी. शिकवणारी कोण. टाळ्या वाजवणारे किती. शेवटच्या ओळीत लिहिलं, बापानं मान हलवली.

प्राजू बोलेल की नाही, मला माहीत नाही. वाचेल. ते मी घेतलं आहे अंगावर. ती सलग वाचू लागेल त्या दिवशी ही वही तिच्या हातात देईन. ‘दे’चं पान उघडून देणार नाही, तिचं तिनं शोधावं. मग तोंडानं म्हणो की पाटीवर लिहो, तिला मला जे विचारायचं असेल त्याला मी समोर बसून उत्तर देईन.

त्या दिवसाची मला भीती वाटते. माँजीची वाटली होती त्यापेक्षा जास्त.

रोज संध्याकाळी सहाला मी पाटी पुसून तिच्यापुढं ठेवतो. आज दहावं अक्षर.