तारीख कापलेली कात्रणं

पेपर हातात पडला की ते आधी खिशातली छोटी कात्री काढायचे. नागपूरचा पेपर सकाळच्या बसने भंडाऱ्याला यायचा. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा थंड होत असायचा आणि हे आपण पाठवलेली बातमी शोधून अशी काटेकोर कापायचे की शिंप्याने बघत राहावं. वरचं पेपरचं नाव, तारीख, बाजूच्या जाहिराती, सगळं पायरीवर पडायचं. हातात उरायची फक्त बातमी.

"भाऊ, तारीख तरी ठेवा," मी एकदा म्हटलं.

"कायले जी? बातमी खरी हाये ना? मंग झालं."

मी कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. ते त्या पेपरचे जिल्ह्याचे वार्ताहर. तुमच्याही गावात असा एखादा असेल. सायकलला पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि ज्याला बघून तलाठी उगाचच हसतो. वीस वर्षं बातम्या पाठवल्या, पण नाव एकदाही छापून आलं नाही. बातमीच्या डोक्यावर असायचं ‘आमच्या वार्ताहराकडून’, बस्स. मी त्यावरून चिडवायचो.

"नाव टाकलं का बातमीत वार्ताहरच दिसते," ते म्हणायचे. "गाव नाही दिसत."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, ती लग्न करून अमेरिकेत. तिचं निळं पत्र आलं की ते टपरीवर मला वाचून दाखवत, मधल्या काही ओळी गाळत. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर असंच एक पत्र आलं, आणि त्या दिवशी कात्री खिशातून निघालीच नाही.

"जावई म्हणते, तिकडं आपल्या लोकायचा एक पेपर हाये. मले नोकरी देऊन राहिले. पोरीजवळ कायमचं राहता येईन. पण तिथल्या सरकारले दाखवा लागते का मी असामान्य माणूस आहो म्हणून." मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "आहो का जी मी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी जोरात सुरुवात केली, ‘विदर्भातील अग्रगण्य पत्रकार’ अशा अर्थाचं इंग्रजी ठोकून दिलं. त्यांनी अर्थ विचारला आणि कागद मशीनमधून ओढून काढला.

"अग्रगण्य कोण म्हणते? जेवढं हाये तेवढंच लिवा."

"भाऊ, हा अर्ज आहे, बातमी नाही!"

"मायासाठी दोन्ही एकच."

पुरस्कारांचा रकाना आला. आंधळगावला एकदा बाजाराच्या दिवशी सत्कार झाला होता, शाल आणि नारळ. शाल आहे का, मी विचारलं. "तिले नेलं तवा तिच्यावर टाकली," ते म्हणाले. कोणावर, ते मला कळलं. तो रकाना मी कोरा सोडला.

मग त्यांनी कात्रणांचा बिस्किटाचा डबा उघडला. एकेक कात्रण बाहेर येत गेलं. एकावरही पेपरचं नाव नाही, तारीख नाही, आणि त्यांचं नाव तर नव्हतंच. वीस वर्षांचं काम समोर होतं आणि ते त्यांचं आहे असं सांगणारं एक अक्षर नव्हतं. ते नागपूरला पेपरच्या कचेरीत गेले. जुने संपादक वारले होते, जुन्या फायली वाळवीने खाल्ल्या होत्या. नव्या साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या, ‘हे आमचे अर्धवेळ वार्ताहर आहेत.’

शेवटी ते दिघोरीकडच्या एका खेड्यात जाऊन आले. काही वर्षांपूर्वी तिथला तलाव फुटून घरं आणि धान वाहून गेलं होतं. सगळ्यांच्या आधी हे सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून पोचले होते. धान साठवायच्या ढोलीवर, बांबूच्या त्या मोठ्या कणगीवर बसलेल्या म्हातारीचा त्यांनी काढलेला फोटो छापून आला आणि मगच सरकारी धान्याचे ट्रक निघाले. तिथून त्यांनी एक कागद आणला. वर गावातल्या शाळामास्तरच्या अक्षरात एकच ओळ होती, ‘हा माणूस आला म्हणून आम्ही जगलो.’ खाली अंगठेच अंगठे, निळ्या शाईचे.

"बाकी काई नसलं तरी चालन," ते म्हणाले. "हे लावजा."

आता जे सांगायचं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तो कागद मी लावला नाही. तिकडचे साहेब अंगठे बघून हसतील, आपल्या माणसाला अडाण्यांचा पुढारी समजतील, असं मला वाटलं. मी मोठा शहाणा. कागद खणात ठेवला आणि पाकीट बंद केलं.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. सादर केलेल्या पुराव्यावरून अर्जदाराची योग्यता सामान्यांहून अधिक असल्याचं दिसत नाही, असा त्याचा अर्थ. तो मीच त्यांना समजावून सांगितला. त्यांनी हळूच विचारलं, "अंगठेबी नाही चालले का जी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानंतर ते बातम्या पाठवत राहिले, पण कापायचे थांबले. पेपर वाचून टपरीवरच सोडून जायचे. एक दिवस कात्री माझ्या टेबलावर ठेवली, "तुमाले कामी येईन," म्हणाले.

ते गेले तेव्हा चार दिवस पेपरात काहीच नव्हतं. भंडाऱ्याची बातमी पाठवणारा माणूसच गेला होता. पाचव्या दिवशी मीच त्यांच्या निधनाच्या चार ओळी टाइप करून पाठवल्या. त्या आल्या. डोक्यावर ‘आमच्या वार्ताहराकडून’, आणि खाली त्यांचं नाव, पहिल्यांदाच छापलेलं.

त्यांच्याच कात्रीने मी ती बातमी कापली. पेपरचं नाव ठेवलं, तारीख ठेवली, आणि मुलीला पाठवून दिली. अंगठ्यांचा कागदही त्याच पाकिटात घालणार होतो, पण धीर झाला नाही. तो अजून माझ्याच खणात आहे.